अनवाणी कृपा

"चपला काढा! बूट काढा! अनवाणी व्हा! कृपा तळव्यांतून वर चढते!"

भरती आली की बंदरावर ही आरोळी उठायची आणि तापल्या सिमेंटवर शेकडो माणसं पाय बदलत, नाचत उभी राहायची. दवाखान्यात जरा वेळ बसावं लागलं तर घड्याळ बघणारी, कुरकुरणारी ही मंडळी इथे तळपाय भाजून घेत होती आणि त्या चटक्यांना कृपेची ऊब म्हणत होती. एक बँकेतला साहेब तर पायाला फोड आला म्हणून सगळ्यांना तो फोड कौतुकानं दाखवत हिंडत होता.

समोर, दोरीच्या पलीकडे, जुना लाकडी धक्का पाण्यात घुसला होता. त्याच्या टोकाला निळ्या कफनीत दर्याबाबा मांडी घालून बसले होते. त्यांच्यासमोर गर्दीकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून एक पाच वर्षांची, जन्मापासून बहिरी मुलगी उभी होती. तिला सगळे मासोळी म्हणत.

पाण्यातून डॉल्फिनची पाठ चकाकत वर आली.

"तो बोलतो आहे!" बाबा हातातल्या माइकवर कुजबुजले. "आपल्या पापी कानांना नाही ऐकू यायचं. बंद कान उघडले की पहिला शब्द त्याचाच ऐकू येतो. शांतता!"

सगळं बंदर श्वास रोखून उभं राहिलं. आणि मासोळी गर्रकन मागे वळली! समुद्राकडे बघत तिनं उजव्या हाताची बोटं जुळवून ओठांना लावली.

"पाहा! ध्वनी ओठांना शिवला! आता वाचा फुटणार!"

लोकांनी एकच गलका केला. मासोळीची आई रडत खाली बसली. तिच्यामागे तिची धाकटी बहीण उभी होती. मासोळीची मावशी म्हणून सारं बंदरच तिला मावशी म्हणायचं. ती रडली नाही. तिच्या पायात बूट होते आणि ते काढायला तिनं साफ नकार दिला होता. मासोळीच्या बोटांची ती खूण आपण कुठेतरी पाहिली आहे, असं मात्र तिला वाटत राहिलं.

मावशी सफरीच्या बोटीवर माहिती सांगायचं काम करायची. बंदर लहान, पण पाहुण्यांना दाखवायला काही कमी नव्हतं: दीपगृह, जुन्या गोदामात मांडलेला देवमाशाचा सांगाडा, खडकांवरची समुद्रपक्ष्यांची वसाहत आणि हा एकटा डॉल्फिन. कोळणी मासे साफ करून आतडी पाण्यात टाकायच्या, त्या लोभानं तो वर्षानुवर्षं बंदरात येत होता. मावशी हे बोटीवर सांगायची, लोक फोटो काढायचे आणि पुढच्या खडकाकडे बघायचे. मग मागच्या हंगामात दर्याबाबा आले. त्याआधी ते शेजारच्या बंदरात गाद्या विकत आणि गादीवर झोपलं की पाठदुखी पळते म्हणून सांगत. गाद्यांची तक्रार घेऊन लोक परत येतात, कृपेची तक्रार कुणी करत नाही, एवढं शहाणपण त्यांना तिथे आलं असावं. त्यांनी तोच डॉल्फिन घेतला, त्याला गुरू केलं, आणि बहिऱ्या लेकरांच्या आयाबापांना हाक घातली. लॉज भरले. लॉजवाल्यानं आपल्या पाटीवर डॉल्फिनच्या डोक्यामागे तेजोवलय रंगवून घेतलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातलाच प्रकार.

बाबांचे नियम कडक होते. सगळे अनवाणी. लाकडी धक्क्यावर मूल आणि बाबा सोडून कुणी नाही, कारण रक्ताचं माणूस जवळ असलं की कृपा अडते. दर्शनाच्या वेळी समुद्राच्या बाजूनं एकही बोट फिरकायची नाही, कारण लहरी भंगतात. आणि कानाला मशीन लावायचं नाही. मासोळीला वर्षभरापूर्वी मशीन मिळालं होतं. कर्णबधिरांच्या शाळेत ती दाराचा आवाज, गाडीचा भोंगा ओळखायला लागली होती. ते मशीन आता डबीत पडून होतं आणि तिचं शाळेत जाणं बंद होतं. शाळेनं निरोप धाडला होता की येत्या सोमवारी मुलगी आली नाही, तर जागा दुसऱ्या मुलाला जाईल. आणि परवाच्या शेवटच्या दर्शनात ते मशीन समुद्राला अर्पण करायचं, असं बाबांनी फर्मावलं होतं.

मासोळीचे वडील मालवाहू जहाजावर, महिनोन्‌महिने बाहेर. दोघी बहिणी आणि मुलगी तिकीट-खिडकीच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. जमीन लाकडाची, एकानं चालावं आणि तिघांना कळावं अशी.

दुपारी मावशीनं पानं वाढली. मासोळी खिडकीशी पाठमोरी बसून रंगीत दगड मांडत होती. ताईनं, म्हणजे तिच्या आईनं, नेहमीप्रमाणे टाच जमिनीवर दाणकन आपटली. मासोळी गर्रकन वळली आणि तिनं बोटं जुळवून ओठांना लावली. जेवायला?

मावशीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"ताई, हे बघितलंस?"

"काय?"

"अगं, धक्क्यावर तिनं हेच केलं! अगदी हेच! तिला वाटलं, तू जेवायला बोलावतेयस. तिच्या पायाखालची फळी हलली, म्हणून वळली ती. तिला काही ऐकू आलेलं नाही!"

रोज दोन वेळा हे घर त्या मुलीला पायानं हाक मारत होतं आणि तिच्या कानांचं गुपित शोधायला समुद्रावर जात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मावशीला बहिणीचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

ताई मात्र तयारीतच होती. "बाबांनी सांगितलंच होतं, घरातलंच कुणीतरी शंका काढेल."

"वा! म्हणजे शंका काढली तरी बाबा खरे, नाही काढली तरी बाबाच खरे!"

"मग सांग ना, तिथे पाय कोण आपटतं? बाबा तर हलतसुद्धा नाहीत. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते."

ताईचा आवाज एकदम खाली आला. "तुला नाही कळायचं. पाच वर्षं झाली गं. मला एकदा, फक्त एकदा, तिच्या तोंडून आई ऐकायचंय."

असल्या भुकेवर हात मारून जगणाऱ्या माणसाला काय म्हणावं, यासाठी शिव्या मावशीला भरपूर येत होत्या, पण मुलगी समोर बसून जेवत होती. जेवताना मावशी ताईच्या प्रश्नावरच विचार करत राहिली. वर कुणी पाय आपटत नसेल, तर ठोका खालून येत असणार. आणि खालची बाजू दिसते ती फक्त समुद्रावरून, जिथे बोटींना बंदी.

शेवटच्या दर्शनाच्या दिवशी सफरीची बोट पाहुण्यांनी गच्च भरून निघाली. बंदराच्या तोंडाशी मावशी चालकाला म्हणाली, "डावीकडे घ्या. लाकडी धक्क्याकडे."

"बाई, तिकडे बंदी आहे. लहरी भंगतात म्हणे. मालक माझी नोकरी भंगतील."

"पाहुण्यांनी तिकीट डॉल्फिनचं काढलंय. डॉल्फिन तिकडे आहे. मालकांना माझं नाव सांगा."

चालकानं एकदा कपाळाला हात लावला आणि सुकाणू वळवलं. त्यालाही तिकडे काय आहे ते बघायचंच होतं.

धक्क्यावर मासोळी अनवाणी उभी होती. दोरीमागे ताई, मुठीत मशीनची डबी. बाबा माइकवर डोळे मिटून शब्द घोळवत होते, "निसर्ग देतो तेव्हा यंत्र कशाला? कान यंत्रानं नाही, श्रद्धेनं उघडतात." हे सगळं माइक नावाच्या यंत्रातून चाललं होतं, याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

बोट धक्क्याच्या समुद्राकडच्या बाजूला आली. मावशीनं माहिती सांगायच्या भोंग्याचा आवाज पूर्ण वाढवला.

"पाहुणेमंडळी, उजवीकडे बघा! डॉल्फिन दिसतोच आहे. पण त्याहून दुर्मीळ प्राणी बघायचा तर धक्क्याच्या खाली बघा, टोकाच्या खांबाजवळ, आडव्या तुळईवर बसलाय!"

सगळी बोट एका बाजूला कलली. तुळईवर आखूड चड्डीतला एक माणूस पाय पाण्यात सोडून बसला होता. एका बाजूला माशांची बादली, हातात गोणपाट गुंडाळलेला मोठा लाकडी हातोडा. हे बाबांचे पट्टशिष्य होते. दर्शनाच्या वेळी ते एकांतात ध्यानाला बसतात, असं सांगितलं जाई.

"हा प्राणी सध्या ध्यानस्थ अवस्थेत आहे. स्वभावानं लाजाळू, उजेड सहन होत नाही. खाद्य, भाबड्या माणसांच्या देणग्या. डॉल्फिनला मासा टाकतो, म्हणजे डॉल्फिन वर येतो. मग खांबाला ठोका मारतो, म्हणजे फळ्या थरथरतात आणि वरचं मूल वळतं. ठोका कधी मारायचा, हे त्याला कसं कळतं? त्याच्या मनगटाची दोरी बघा. फटीतून वर गेलीय. वर कफनीखाली बाबांच्या पायाचा अंगठा आहे, दुसरं टोक तिथे असणार!"

बोटीवर हशा फुटला. दोरीमागची गर्दी वाकून, एकमेकांच्या खांद्यावर चढून बघायला लागली. दचकलेल्या शिष्यानं हात झटकला आणि वर बाबांचा पाय कफनीतून ताडकन बाहेर आला. अंगठ्याला खरंच दोरी होती.

बाबा सावरले. गाद्या विकलेला माणूस सहजासहजी गडबडत नाही. "अज्ञानी बाई! तो गुरूंना घास भरवतो!"

"हातोड्यानं?" बोटीवरून एक म्हातारा ओरडला. "मासे कुटून घालता काय हो त्यांना?"

लॉजवाला पुढे धावला. "मावशी, गावाच्या पोटावर पाय देऊ नका! लोकांची श्रद्धा आहे!" बँकेचा साहेबही फोड सांभाळत म्हणाला, की ठोका असेल, पण कृपासुद्धा असू शकते, दोन्हींचा संयोगही असू शकतो. शिकलेला माणूस फसला की मूर्खपणालाही पदवी देतो.

मावशी बोटीवरून धक्क्यावर चढली. तिच्या हातात लाइफ जॅकेटं होती. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? आत्ताच बघा." तिनं जॅकेटं एकावर एक रचली, मासोळीला उचलून त्या मऊ ढिगावर गर्दीकडे तोंड करून उभं केलं आणि खाली वाकून ओरडली, "मारा हो ध्यानस्थ! चांगला जोरात मारा! गोणपाट काढून मारा!"

शिष्यानं फटीतून वर पाहिलं. बाबा मान हलवून नको म्हणत होते. पण बोटीवरचे पाहुणे "मार! मार!" करत होते आणि त्याला पोहून पळता येत नव्हतं. त्यानं मारला.

ठाण्ण! खांबावरचे पक्षी उडाले. दोरीमागच्या लोकांनी दचकून कानावर हात ठेवले. सगळ्या बंदरानं तो ठोका ऐकला. एकट्या मासोळीनं ऐकला नाही. ती जॅकेटच्या पट्ट्याशी खेळत होती. शिष्यानं पुन्हा मारला. डॉल्फिननं मागे एक उडीही मारली, गुरूच तो, त्याच्या परीनं त्यानं मदत केली. मासोळीनं पट्टा लावला आणि पुन्हा काढला.

आता कुणी हसत नव्हतं.

मावशीनं तिला उतरवून परत फळीवर उभं केलं. तेवढ्यात ताई दोरी ओलांडून धक्क्यावर आली. बाबा "रक्ताचं माणूस, रक्ताचं माणूस" करत राहिले, तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुलीच्या पाठीमागे जाऊन ती क्षणभर थांबली आणि मग, घरी रोज आपटायची तशी, तिनं टाच फळीवर आपटली.

मासोळी वळली. समोर आई दिसल्यावर हसली आणि तिनं बोटं जुळवून ओठांना लावली. जेवायला?

"हो गं बाई," ताईचा बांध फुटला. "जेवायलाच. जेवायलाच बोलावतेय." तिनं डबी उघडली. मावशीनं मुलीचं डोकं धरलं, आणि समुद्रात जायचं होतं ते मशीन मासोळीच्या कानावर बसलं.

त्यानंतर मासोळी तिथल्या तिथे "आई" म्हणाली नाही. असले प्रकार बाबा वाटत त्या पुस्तिकेत घडत. सोमवारी ती शाळेच्या गाडीत बसली, रडली, तिनं वाटेत एका मुलाला चावलं, आणि जागा राहिली. तिथल्या शिक्षिकेनं ताईला सांगितलं की "आई" कधी येईल, स्पष्ट येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही; पण हातांची भाषा तुम्हीही शिका, म्हणजे तोवर तुमचं बोलणं थांबणार नाही. ताई म्हणाली, इतक्या दिवसांत मला "सांगू शकत नाही" म्हणणारं हे पहिलं माणूस भेटलं. आता ती रविवारी शिकायला जाते.

बाबा त्याच संध्याकाळी हवापालटाला गेले ते गेलेच. लॉजवाल्यानं पाटीवरचं तेजोवलय खरवडलं आणि आपल्याला पहिल्यापासून संशय होता असं सांगायला लागला. त्या धक्क्याच्या सफरीला आता सगळ्यात जास्त गर्दी असते. मावशी तिथे बोट थांबवते, हातोड्याची खूण अजून ज्यावर आहे तो खांब दाखवते आणि नियमांचा अर्थ सांगते. अनवाणी कशासाठी? ठोका तळव्यांना कळावा म्हणून. आईबापांना बंदी? त्यांच्या तळव्यांना तो कळू नये म्हणून. बोटींना बंदी? शिष्य दिसू नये म्हणून. आणि मशीन काढा, म्हणजे मूल जरा जरी वळलं तरी श्रेय बाबांना. एकही नियम देवाच्या सोयीचा नव्हता, सगळे हातोड्याच्या सोयीचे होते.

"डॉल्फिन बघा, मनसोक्त बघा," ती शेवटी म्हणते. "तो आहे तसाच पुरेसा सुंदर आहे. पण कुणी चमत्कार दाखवायला लागलं की चमत्कार बघू नका, नियम बघा. चपला काढा म्हणाले, तर काढा हवं तर. पण आधी एवढं विचारा, माझ्या तळव्यांशी तुमचं काय काम?"