पंधरावी मूठ

गिऱ्हाइकाने मोजकाठीची आडवी पट्टी घोडीच्या मानेमागच्या उंचवट्यावर टेकवली, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि काठी तशीच धरून मूठवाल्यांच्या लेकीकडे वळून पाहिलं.

"एकशे बेचाळीस. फोनवर तुम्ही एकशे बावन्न सांगितलेत."

लेक गांगरली. बाबांनी पंधरा मुठी म्हटलं होतं. एका मुठीचे दहा सेंटिमीटर आणि वर थोडं, असा तिने सरळ गुणाकार केला होता. फोनच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिला. बरोबर होता.

"माझ्या घोडागाडीच्या जोडीला ही बुटकी काय कामाची? मूठवाले, तुमच्या शब्दावर एवढ्या लांब ट्रक आणला मी."

उभ्या बाजारात घोड्याची उंची मूठवाल्यांच्या मुठीने ठरायची. त्यांच्यासमोर पट्टी काढणाऱ्याची लोक टर उडवत. आता ते पुढे झाले, खुरापाशी वाकले आणि मुठीवर मूठ ठेवत वर सरकू लागले. घोडी कान हलवत शांत उभी राहिली.

लेक मनात मुठी मोजत होती. मोजता मोजता तिची नजर हातांवरच अडकली. अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग गेला कुठे? तिथे चक्क खळगा पडला होता. अंगठी गळू नये म्हणून तिला दोरा गुंडाळला होता. गेल्या वर्षी याच घोडीच्या त्यांनी चौदा मुठी सांगितल्या होत्या, आणि नऊ वर्षांचं जनावर काही उंच होत नाही.

चौदावी मूठ ठेवून झाली. वर आणखी एका मुठीची जागा उरली होती.

"चौदा!" ती मोठ्याने म्हणाली. "बाबांनी चौदाच सांगितल्या होत्या. हिशेब माझा चुकला."

बाबांचा उचललेला हात तसाच राहिला. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि त्याच हाताने घोडीची पाठ थोपटली.

"तरीच!" गिऱ्हाइकाचा चेहरा सैल झाला. "म्हटलं, मूठवाले कसे चुकतील? ताई, पुढच्या खेपेला नुसत्या मुठी सांगा. गुणाकाराचं आम्ही बघू."

रिकामा ट्रक फाटकाबाहेर पडला.

"खोटं कशाला बोललीस?" बाबा म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

तिने खिशातून टेप काढली.

"हात द्या."

त्यांनी मूठ वळली आणि पुढे केली. तिने एका हाताने ती धरली, दुसऱ्याने टेप लावली.

"साडेनऊ," ती म्हणाली. तिला रडू आवरेना.

बाबांनी मान हलवली.

"मी मोजली तेव्हा पावणेदहा होती. म्हटलं, असू दे. घोडीच वाढली असेल."