पिवळ्या चौकटीबाहेर

"कूऽऽश... कूऽऽश... या गं बायांनो, घरी या..."

टिल्डा आत्याची हाक दरीच्या पल्याडून यायची. उन्हं उतरलेली असायची, ओल्या गवतावर धुकं बसत असायचं, आणि त्या हाकेचा धागा धरून गाई एकीमागून एक फाटकाकडे वळायच्या. आत्या गेली, गाई गेल्या, ते कुरणही कुणा दुसऱ्याचं झालं. हाक मात्र हेस्टर प्रॉसरच्या मनात जशीच्या तशी राहिली. सुरुवातीला जराशी खरखरीत, मध्ये रेशमासारखी, आणि शेवटी दरीत विरघळून जाणारी.

जुने आवाज तिच्यापाशी असे शाबूत होते. नव्यांचंच काही खरं नव्हतं. साठी उलटली तसं तिच्या उजव्या कानानं दार लावून घेतलं आणि डाव्यानं फट तेवढी उघडी ठेवली. चर्चच्या गायकमंडळात तिचा सूर एकदोनदा घसरला, तेव्हा तिथल्या बाई तिला बाजूला घेऊन फार मायेनं म्हणाल्या, "हेस्टर, गाण्यानंतरच्या चहाबिस्किटांचं तू बघशील का?" बघशील का म्हणता म्हणता ती कायमची किटलीपाशी गेली. कुणी विनोद केला आणि तिनं विचारलं, "काय म्हणालास?" की उत्तर यायचं, "काही नाही गं, सोड." ते 'सोड' तिला खोल लागायचं. एकेका 'सोड'बरोबर माणसं तिला थोडी थोडी सोडून देत होती.

मग तिला गुरुवारची मंडळी सापडली.

जुनी लोकगीतं गाणारी ही माणसं, गावं दूर दूर, भेट फक्त काँप्युटरच्या पडद्यावर. क्लेम यॅप म्होरक्या. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला, गाल सफरचंदासारखे. डिलिस वेल्सच्या डोंगरातली, मेंढ्यांत वाढलेली, जिभेला धार. आणि विल्फ लिंकनशायरच्या समुद्रकाठचा, कमी बोलणारा, ज्याचा कॅमेरा सदा एका बाजूला असल्यामुळे त्याचा अर्धाच चेहरा कुणी पाहिला होता.

तारांमधून आवाज उशिरा पोचतो. सगळे एकदम गायले तर नुसता कालवा होतो. म्हणून क्लेमचा नियम होता, एकानं गायचं, बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या घरात साथ द्यायची. डिलिसचा नवरा शेजारच्या खोलीत डुलकी काढत असायचा, म्हणून ती ओठ तेवढे हलवायची. विल्फच्या घराच्या भिंती पातळ. तो श्वासावर गायचा. हेस्टरचं घर माळावर एकटं. ती डोळे पडद्यावर ठेवून छाती भरून गायची, आणि तिला वाटायचं, या घटकेला सगळे असेच गात असतील.

पडदा तिच्यावर मेहेरबान होता. जो बोलेल त्याच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट उजळायची. बोललेलं खाली अक्षरांत उमटायचं. कानावरच्या मोठ्या हेडफोनांतून थोडा आवाज झिरपायचा, उरलेलं ओठ सांगायचे. डिलिसचा आवाज जाड की बारीक, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं तो मनानंच रचला होता, मधाच्या रंगाचा. विल्फला तिनं ओल्या वाळूचा आवाज दिला होता. या मंडळीत ती बहिरी हेस्टर नव्हती, गाणारी हेस्टर होती. म्हणून कानांबद्दल तोंडाला कुलूप. हे सुख हातचं जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

अशा एका गुरुवारी क्लेमची चौकट उजळली.

"आता काचेतून बघणं पुरे झालं," तो म्हणाला. "मे महिन्यात भेटायचं. खरंखुरं, हाडामांसाचं. आमच्या श्रॉपशायरच्या टेकडीत 'चंडोल' नावाचा पब आहे. शनिवारी दुपारी मागची खोली आपल्याला द्यायला तयार आहेत."

"कुत्रा चालेल का?" डिलिसनं विचारलं.

"कुत्रा चालेल. तुझं काय ते विचारून सांगतो."

"विचार, विचार. आणि तिथली ती मटण भरून भाजलेली पाई खाण्याजोगी असते का? मागं तू नावाजलेल्या ठिकाणी नुसतं पीठच होतं."

"चंडोलची पाई खाऊन माणसं लग्नाची मागणी घालतात."

"मग नवऱ्याला घरीच ठेवते."

हेस्टर हसली, पण मनानं ती त्या मागच्या खोलीत जाऊन बसली होती. पबात कुणाच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट उजळणार नव्हती. खुर्च्या ओढल्या जाणार, काटेचमचे खणखणणार, चार तोंडं एकदम बोलणार. कानात घालायचं यंत्र तिच्याकडे होतं, पण गर्दीत ते माणसांपेक्षा बश्यांचाच आवाज मोठा करायचं.

तिनं माइक उघडला. "टेबल गोल आहे का तिथलं?"

"गोल कशाला?" क्लेम म्हणाला. "राजेरजवाड्यांना बोलावलंयस का तू?"

"मला आपलं गोल आवडतं. आणि मी खिडकीकडे पाठ करून बसणार."

"ऊन टोचतं वाटतं बाईसाहेबांना," डिलिसची अक्षरं उमटली. "बरं, पडदे कुठल्या रंगाचे हवेत तेही सांगून ठेव."

"जाड असले म्हणजे झालं," हेस्टर म्हणाली, आणि सगळे हसले. तिनं मात्र खरंच सांगितलं होतं. जाड पडदे आवाज पिऊन टाकतात.

पुढचे गुरुवार भेटीच्या बोलण्यातच गेले. कोण कुठून येणार, विल्फच्या दोन आगगाड्या कुठे जुळणार, कुणी कुठलं गाणं आणायचं. हेस्टर दर वेळी मनाशी म्हणायची, आज सांगून टाकू. आणि दर वेळी क्लेम तिला म्हणायचा, "तू असलीस की मंडळीला जोर येतो, हेस्टर," आणि तिचे शब्द परत आत उतरायचे. जाऊच नये, सर्दी झाली म्हणावं, असंही तिच्या मनात आलं. पण रात्री स्वप्नात ती एका गोल टेबलाशी बसलेली असायची आणि सगळ्यांचे आवाज तिला ऐकू यायचे, अगदी तिनं रचले होते तस्से.

शनिवार उजाडला. बस टेकडी चढू लागली तशी दोन्ही बाजूंची काटेरी कुंपणं पांढऱ्या फुलोऱ्यानं लवली होती, जणू रात्री कुणी धुतलेले कपडे वाळत घालून विसरून गेलं होतं. सफरचंदाच्या बागांवर गुलाबी धुकं होतं. काचेपलीकडे सगळं निःशब्द सरकत होतं आणि तिला वाटलं, जग आहेच मुळी असं, पाण्याखालच्या गावासारखं.

ती मुद्दामच लवकर पोचली. मागच्या खोलीत टेबल गोल होतं. क्लेमनं कुठून तरी आणून ठेवलेलं दिसत होतं. उजेड समोरच्यांच्या ओठांवर पडेल अशी खिडकीकडे पाठ करून ती बसली आणि वाट पाहू लागली.

मंडळी आली ती उंचीच्या गोंधळातच. पडदाभर पसरणारा क्लेम खरा तर तिच्या खांद्याशी आला. डिलिस दारातून वाकून आत शिरली. विल्फच्या चेहऱ्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी हसरा निघाला.

"पाय आहेत तुला," डिलिस क्लेमला म्हणाली. "मला वाटायचं तू कमरेपाशीच संपतोस."

"तू मात्र संपतच नाहीस," क्लेम म्हणाला.

हे हेस्टरला कळलं, कारण दोघं समोर होते. मग सफरचंदाच्या सायडरचे ग्लास आले, पाई आली, कुत्रा टेबलाखाली गेला, आणि पलीकडच्या खोलीत कुणाच्या बारशाची पाहुणेमंडळी भरली. आवाजांचा एकच लगदा झाला. ती एका ओठांवरून दुसऱ्या ओठांवर धावायची आणि पोचेपर्यंत बोलणं तिसरीकडे गेलेलं असायचं. सगळे हसले की ती हसायची, मान हलली की मान हलवायची. डिलिसनं काही विचारलं, तेव्हा ती नुसतीच "हो तर" म्हणाली, आणि डिलिसच्या भुवया क्षणभर वर गेल्या. इतक्या जवळ बसून आपण यांच्यापासून इतक्या लांब कधीच नव्हतो, असं तिच्या मनात आलं.

शेवटी क्लेमनं ग्लास खाली ठेवला, खुर्ची मागे सारली आणि नावाड्याचं गाणं धरलं. ते तिनं ओठांवरून लगेच ओळखलं. इतक्या गुरुवारांनी त्याचा सूर तिच्या घशात मुरला होता.

पल्याडच्या तीरी उभी माझी राणी,
बोलू कसा तिच्याशी, मधे वाहे पाणी.

ध्रुपदाशी सगळ्यांची तोंडं उघडली. डिलिसचे ओठ हलले, विल्फचे हलले. हेस्टरचं मन भरून आलं. आता कसली भीती? गाण्यात कुणाला काही विचारायचं नसतं. तिनं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज सोडून दिला.

आण रे नावाड्या, तुझी नाव आण,
तीराशी थांबले माझे प्राण.

डोळे उघडले तेव्हा टेबलाखालचा कुत्रा उभा राहिला होता. बारशाचे पाहुणे दारात येऊन थांबले होते, एकीच्या कडेवर बाळ. डिलिसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते. हसते आहे की रडते आहे, कळेना.

क्लेम वाकून काही म्हणाला. हेस्टरनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. त्यानं पुन्हा सांगितलं.

"एकटीच गायलीस, अगं. आमचा कुणाचा आवाजच फुटला नाही. ध्रुपद आलं आणि सवयीनं सगळ्यांनी नुसती तोंडं हलवली. यांचं काही ऐकू येईना, तसं माझंसुद्धा गपकन बंद. खऱ्या पबात बसून माइक बंद करून गातोय आम्ही."

"आणि ही बया," डिलिस डोळे पुसत म्हणाली, "ही तेवढी शुद्धीवर होती."

विल्फ तिच्याकडे वळला. त्याचा सगळा चेहरा पहिल्यांदाच नीट समोर आला. "एवढ्या शांततेत एकटीनं गायचं," तो म्हणाला, "एवढा धीर कुठून आणलास?"

वाट मोकळी होती. लाजून हसायचं, ग्लास उचलायचा, पुढचं गाणं येऊ द्यायचं. क्लेमनं तर ग्लास उचललाही होता. "हेस्टरच्या धिटाईला," तो म्हणत होता.

तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ग्लास हळूच खाली आणला. तिघांचे चेहरे तिच्याकडे लागले होते. तिचा गळा मघाच्या गाण्यानं अजून ऊबदार होता.

"धिटाई नव्हती रे ती," ती म्हणाली. "तुमची तोंडं हलत होती, म्हणून मला वाटलं, सगळेच गाताय. मला ऐकू येत नाही, क्लेम. फार दिवस झाले. तुमच्यातल्या एकाचाही आवाज मी कधी धड ऐकलेला नाही. आता पुढचं कडवं म्हणा, सगळ्यांनी म्हणा. फक्त माझ्याकडे तोंड करून म्हणा."