शववाहिनीतून सहल

डर्क हूक्स्ट्राने शववाहिनी विकत घेतली ती केवळ तिची लांबी बघून. मिशिगनमधल्या त्याच्या गावात अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या एका कुटुंबाने दुकान बंद केलं आणि जुनी गाडी लिलावात काढली. तिला कुणी गिऱ्हाईक मिळेना. डर्क मात्र मागच्या दारातून आत शिरला, आडवा झाला आणि पाय पूर्ण पसरता येतात हे बघून खूश झाला. आत गादी मावते, म्हणजे वाटेत हॉटेल नको. खिडक्यांना पडदे आहेतच, म्हणजे तोही खर्च वाचला. हूक्स्ट्रांच्या घरात चहाची एक पिशवी दोनदा बुडवतात, पण त्या घराण्यातही असा सौदा कुणी केला नसेल, या विचाराने त्याची छाती फुगली.

मित्रांना त्याने फोनवर "लांब, काळी आणि ऐसपैस" एवढंच सांगितलं होतं. मार्चची सुट्टी लागली त्या सकाळी गाडी वसतिगृहापुढे उभी राहिली, तेव्हा मरिसोल तिचं गुलाबी रबरी बदक काखेत मारून पायरीवरच थबकली. पाण्यात बसायचं ते बदक तिने हौसेने आधीच फुगवून ठेवलं होतं.

"डर्क, ही मढ्याची गाडी आहे."

"होती. आता निवृत्त झालीये."

"लेका, आपण समुद्रावर मजा करायला चाललोय, का तिथे एकमेकांना पुरायला?"

एमरी टॉलिव्हर गाडीकडे बघत राहिला, मग मागचं दार उघडून त्याने आपली बॅग गादीवर अलगद ठेवली. आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, डर्कच्या डोक्यात उजेड पडला. एमरीची आजी जानेवारीत वारली होती. आई-बापाच्या जागी राहून तिनेच त्याला वाढवलं होतं. ही सहल काढली होती तीच मुळी एमरीचं मन रमावं म्हणून. दुःखातल्या मित्राला हवापालटासाठी शववाहिनीत बसवणारा महाभाग जगात एकच असणार, आणि तो आपण आहोत, हे डर्कला कळून चुकलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. त्या कामाची गाडीही समोर उभीच होती.

"आपण बसने जाऊ या," तो पुटपुटला. "किंवा राहू दे, नकोच जायला."

"चल," एमरी म्हणाला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

खरं दुखणं वेगळंच होतं. आजी गेल्यापासून डर्कने त्याला सांत्वनाचा एक शब्द ऐकवला नव्हता. बातमी कळली त्या दिवशी त्याने बिस्किटं भाजली, ताटली एमरीच्या दाराशी ठेवली, दार वाजवलं आणि जिन्यावरून पळ काढला. चोरसुद्धा एवढ्या वेगाने पळत नाही. त्यानंतर एमरी दिसला की डर्क विनोद सांगत सुटायचा. एमरी मग जेवढ्यास तेवढं बोलू लागला, पुढे तेही कमी झालं. आपला सगळ्यात जवळचा मित्र हातचा चाललाय, हे डर्कला दिसत होतं, आणि त्यावर अजून विनोद करण्यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं.

तेच त्याने इंडियाना आणि केंटकी अशा दोन्ही राज्यांतून केलं. ब्रेडला शेंगदाण्याचं लोणी फासून वाटताना केलं, पेट्रोल भरताना केलं. शेजारून जाणाऱ्या गाड्यांतली पोरं फोटो काढत होती, त्यांना मरिसोल मागच्या पडद्यातून बदकाची मान हलवून दाखवत होती. एमरी खिडकीबाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी अलाबामात शिरल्यावर इंजिन तापू लागलं. बिचाऱ्या गाडीला जन्मात कधी घाई करावी लागली नव्हती. म्हणून डर्कने मोठा हायवे सोडला आणि खेड्यापाड्यांतला रस्ता धरला. थोड्याच वेळात समोरून येणारा एक ट्रक कडेला जाऊन उभा राहिला.

"बंद पडला बिचारा," डर्क म्हणाला.

मग त्यामागची मोटारही थांबली. पुढच्या वळणावर ट्रॅक्टर थांबला.

"अख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या बंद पडल्या वाटतं," मरिसोल मागून म्हणाली. "का तुझं ड्रायव्हिंग बघून घाबरतायत?"

डर्कला चेव आला. त्याने काच खाली केली, ट्रॅक्टरवाल्याला हात केला, वर हॉर्नही वाजवला. ट्रॅक्टरवाल्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"हात आत घे," एमरी म्हणाला. दोन दिवसांतलं त्याचं पहिलं लांबलचक वाक्य पुढे होतं. "आमच्याकडे अलाबामात शेवटच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला वाट देतात. ओळखीचा असो, नसो. गाडी कडेला घेतात, टोपी काढतात आणि तो पुढे जाईपर्यंत थांबतात. आणि तू हॉर्न वाजवलास."

डर्कचे कान लाल झाले. मागे शवपेटीच्या जागी गादी होती, बर्फाचा डबा होता, मरिसोल होती आणि तिचं बदक होतं. तीन भल्या माणसांना आपण भररस्त्यात फसवलं होतं.

"मी हायवेला परत घेतो," तो घाईने म्हणाला. "इंजिन जळलं तर जळू दे."

"नको." एमरी समोर बघत होता. "आजीला नेलं तेव्हा रस्त्यावर बर्फ साचलं होतं. आमच्याकडे कधी पडत नाही, त्याच दिवशी पडलं. घराबाहेर कुणी निघालंच नाही. तिची गाडी आणि मागे पाद्रीबाबांची, एवढंच. वाट द्यायला एक माणूस नव्हता रे. जन्मभर ती लोकांसाठी थांबली. आणि मी शिकागोच्या विमानतळावर बसलो होतो, विमान कधी सुटतंय बघत."

डर्कच्या जिभेवर सवयीने एक विनोद आला. तो त्याने गिळला.

"मला वाईट वाटलं रे," तो म्हणाला. "तेव्हाच वाटलं होतं. काय बोलावं कळलं नाही, म्हणून बिस्किटं ठेवून पळालो."

"माहितीये. खिडकीतून पळताना दिसलास." एमरीने मान त्याच्याकडे वळवली. "बिस्किटं भयंकर होती."

"साखर वाचवली होती त्याने," मरिसोल मागून म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता.

"काय नाव होतं त्यांचं?" डर्कने विचारलं.

"ओडेसा. ओडेसा टॉलिव्हर." मग एमरी म्हणाला, "दिवे लाव. आणि सावकाश चालव. पुढच्या फाट्याला डावीकडे."

डावीकडचा रस्ता समुद्राकडे जात नव्हता, हे डर्कला ठाऊक होतं. त्याने भर दुपारी दिवे लावले आणि गाडी वळवली. मागे मरिसोलने बदकाची हवा सोडली. त्याचा जो काही आवाज व्हायचा तो झाला, पण कुणी हसलं नाही. समोरून पोस्टाची गाडी आली, थांबली. रस्ता खणणाऱ्या माणसांनी फावडी खाली ठेवून हेल्मेटं काढली. शाळेची बस थांबली आणि खिडक्यांतली पोरं गप्प झाली. एमरी प्रत्येकाला मान लववत होता, घरचा माणूस लववतो तशी. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. डर्क दोन्ही हातांनी चाक धरून, पाठ ताठ ठेवून चालवत होता. गाडीलाही ही चाल मानवली असावी, इंजिन थंड झालं.

टेकडीवरचं पांढरं चर्च आलं. मागे स्मशानभूमी होती. गवत कापणाऱ्या एका म्हाताऱ्याने यंत्र बंद केलं, टोपी काढली आणि गंभीर चेहऱ्याने तो गाडीच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. मरिसोलला आतून दार उघडता येत नव्हतं. नेमकं त्याच वेळी तिने काचेवर ठकठक केलं.

"अरे देवा!" म्हातारा मागच्या मागे कोलमडायचाच. डर्कने धावत जाऊन एका हाताने त्याला सावरलं, दुसऱ्या हाताने दार उघडलं, आणि चपला हातात घेऊन मरिसोल बाहेर आली.

"माफ करा काका," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने श्वास घेतला, आत डोकावून गादी बघितली, चपटं पडलेलं बदक बघितलं.

"पोरांनो, आज इथे कुणाचं काही ठरलेलं नाही," तो म्हणाला. "कुणाला घेऊन आलात तुम्ही?"

पुढचं दार वाजलं. एमरी उतरला होता.

"मला," तो म्हणाला. "यांनी मला आणलंय, काका. मी ओडेसाचा नातू. उशीर झाला मला."

म्हाताऱ्याने काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली नाही. "चल बाळ," तो म्हणाला, "दाखवतो तुला." एमरी त्याच्याबरोबर गवतातून निघाला, थोडं पुढे जाऊन थांबला आणि मागे वळला.

"डर्क, तिथे काय उभा राहिलायस? ये की."

डर्क गेला. गाडीचे दिवे तसेच जळत होते. बॅटरी उतरेल हे त्याला माहीत होतं, तरी ते बंद करायला तो मागे फिरला नाही.