कोठडीतून घरी आलेला दरवाजा

मित्रांनो, मी एका तुरुंगाचा जुना लोखंडी दरवाजा आहे. आपलं जीवन सांगणाऱ्या छत्र्या, शाळेतले फळे आणि वडाची झाडं तुम्हाला आजवर भेटली असतीलच. ती सगळी समाजाच्या उपयोगी पडलेली असतात. मीही पडलो, असं सरकारी म्हणणं आहे.

खरं तर मी शाळेचं फाटक व्हायचा होतो. पण कारखान्यात पत्रा अंमळ जाड निघाला. मुकादम म्हणाला, "एवढा जाड शाळेला कशाला? टाका तुरुंगाच्या मालात." अशा रीतीने माझं शिक्षण हुकलं. मला कपाळावर एक गोल भोक पाडलं आणि त्यावर बाहेरून सरकणारी चकती बसवली. कडीही बाहेरच्याच बाजूला. आतली बाजू पार कोरी, हात टेकायलासुद्धा काही नाही.

उमेदीची वर्षं एकाच कोठडीवर गेली. माणसं यायची, मला लाथा घालायची, आयाबहिणींची आठवण काढायची. मग एक दिवस लाथा थांबायच्या. त्या थांबल्या की मला आनंद व्हायला हवा होता, पण व्हायचा नाही. लाथ मारणारा माणूस निदान पलीकडे जायच्या विचारात असतो.

एकदा विद्वानांची समिती आली. तुरुंगात माणूस सुधारतो की बिघडतो, हे त्यांना ठरवायचं होतं. जेलरने माझी चकती सरकवली. "घडी बघा, साहेब." आत एक कैदी घोंगडीच्या घडीशेजारी ताठ उभा होता. घडी खरोखरच सुरेख होती. "सुधारतो," अध्यक्ष म्हणाले आणि मंडळी जेवायला गेली. मला कोणी काही विचारलं नाही.

त्या कैद्याला लहानपणापासून सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो कधी बंद व्हायचा नाही. गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. भांडणात एका गिऱ्हाइकाच्या गुडघ्यावर पाना घातला आणि त्या बिचाऱ्याला जन्माचं लंगडं करून आत आला. सुरुवातीला तो भिंतीशी बोलायचा, दिव्याशी बोलायचा, माझ्याशीही. "काय जाड्या, जेवलास का?" उभ्या नोकरीत माझी विचारपूस झाली ती तेवढीच. पुढे तीही थांबली. घडी मात्र दिवसेंदिवस सुरेख होत गेली.

तो सुटला. त्यानंतर आमची इमारत पाडली आणि मी भंगारवाल्याकडे येऊन पडलो. तिथे एके सकाळी गळ्यात मोजपट्टी लटकवलेली एक बाई आली. ही रेडिओची थोरली बहीण. घरीच शिवणकाम करायची.

"हल्ली हॉटेलवाले नेतात असले दरवाजे," भंगारवाला म्हणाला. "तुमचं हॉटेल कुठंय, ताई?"

"हॉटेल नाही. भाऊ आहे."

भंगारवाल्याने मला हातगाडीवर चढवलं.

घरी आलेला रेडिओ न्हाणीघरात गेला की बाहेर यायचा नाही. कोणी दार उघडेपर्यंत आतच उभा राहायचा. दाराला आतून साधी खिट्टी होती, पण तिला हात लावायचं त्याच्या ध्यानातच यायचं नाही. स्वतःच्या खोलीत तो टक्क जागा बसायचा. ताईला वाटलं, सवयीचं दार असलं तर निदान झोपेल तरी. मग हळूहळू सोडवू सवय. मायेपोटी माणूस काय काय घरात आणतो! गवंड्याने मला त्याच्या खोलीला बसवलं, होतो तसाच. रेडिओने माझ्याकडे पाहिलं, आत गेला, आणि मी बंद झाल्याबरोबर घोरू लागला.

शेजारी खूश झाले. "किती शांत झाला हो तुमचा भाऊ! पूर्वी कान किटायचे आमचे." ताई मान डोलवायची आणि शिवणयंत्र जोरात चालवायची. तिला तो कान किटवणाराच परत हवा होता.

तिने आधी माझं कुलूप काढलं. काही दिवसांनी कडी लावणं सोडलं. मग मला सताड उघडा ठेवू लागली. रेडिओ उंबऱ्याच्या आत, घडीशेजारी, ताठ उभा असायचा.

एका दुपारी ताईचा धीर सुटला. "अरे, उघडं आहे! ये ना बाहेर. कोण अडवतंय तुला?"

"खोली रिकामी ठेवता येत नाही, ताई."

"कोण म्हणतं?"

"गिनती चुकते." इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच सलग बोलत होता. "संध्याकाळी डोकी मोजतात. प्रत्येक खोलीत माणूस लागतं. एक कमी भरलं की सगळ्यांना उभं करतात."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. "एवढंच ना? मी बसते आत. तू जा, अंगणात एक चक्कर मारून ये. डोकी तेवढीच भरतील."

रेडिओने विचार केला. हिशेब त्याला पटला असावा. ताई आत आली, तो तिच्या अंगाला अंग न लावता बाहेर पडला आणि वळला. मला वाटलं, अंगणात जाईल. त्याने मला लोटलं आणि कडी घातली.

चकती सरकली. भोकात त्याचा डोळा आला. तो डोळा मी ओळखत होतो, पण रेडिओचा म्हणून नव्हे. तुरुंगातले सगळे पहारेकरी त्याच डोळ्याने बघायचे.

"सगळं ठीक?" त्याने विचारलं.

"अरे, चेष्टा पुरे. उघड."

"आवाज नाही करायचा. सकाळी उघडतील."

"कोण उघडणार, मेल्या? तूच आहेस ना बाहेर!"

"उघडतात," रेडिओ म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला.

मित्रांनो, वर्षानुवर्षं शिवणयंत्र चालवलेल्या पायांत किती जोर असतो, ते मला तेव्हा कळलं. पण रेडिओ सुरू झाला होता. तो गॅरेजमध्ये जाऊ लागला, कोपऱ्यावर गप्पा छाटू लागला. ताईचं ताट वेळेवर यायचं. "ताई दिसत नाहीत?" कोणी विचारलं की म्हणायचा, "आत आहे ना. निवांत आहे अगदी." आणि लगेच समोरच्याच्या गुडघेदुखीची चौकशी करायचा. माणूस पार सुधारला, यावर गल्लीचं एकमत झालं.

लाथा थांबल्या. आता चकती सरकली की आतून "ठीक" येतं.

परवा रेडिओने मला सताड उघडलं. "ताई, ये गं, बरोबर जेवू." ताई घडीशेजारी उभी होती. "नको रे," ती हळूच म्हणाली, "गिनती चुकेल."

तेव्हापासून मी दिवसभर उघडाच असतो. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी त्या घरात गेलात, तर बाहेरूनच तिचा हात धरा आणि तिला ओढून काढा. ती म्हणेल, "आधी तू आत ये, बाळा, क्षणभरच." आवाज फार मायाळू आहे तिचा. जाऊ नका.

माझी म्हणाल, तर माझी काही आबाळ नाही. रेडिओ रोज बिजागऱ्यांना तेल घालतो. मी हल्ली एका बोटाने बंद होतो.