माझे दोन भाग झाले तेव्हा

मित्रांनो, मला चेहरा नाही, पण एकेकाळी होता. मी कोळिकोडच्या एका रक्तपेढीचा जुना प्रोग्राम आहे. काउंटरमागच्या यंत्रात राहतो. कोणाला कोणत्या गटाचे रक्त द्यायचे, ते मी पाहतो.

मला रेमाने लिहिले. तिचा नवरा प्रमोदन शेजारी बसून तपासायचा. लोकांना दिसणारा पडदा आणि मागच्या नोंदी तिने एकातच गुंफल्या होत्या. डेंगीच्या साथीत डॉक्टरही माझे कौतुक करत. मग रेमा आजारी पडली आणि गेली. त्यानंतर दोन वर्षे प्रमोदनने कोणालाही मला हात लावू दिला नाही.

शेवटी त्याच्यासोबत काम करणारी, त्याला एट्टा म्हणजे दादा म्हणणारी शहाना म्हणाली, "प्रमोदेट्टा, बटणाचा रंग बदलला तरी सगळी पेढी बंद पडते. पुढचा भाग वेगळा करू, मागचा वेगळा."

"रेमाचं काम आहे ते. कापायला मासा आहे का?"

"मासा असता तर एव्हाना वास सुटला असता!"

तो बऱ्याच दिवसांनी हसला. मला मात्र धडकी भरली. गट जुळत नसेल तर थांबवायचे, हा नियम रेमाने पडद्याच्या भागात लिहिला होता. मला सांगता येईना. शहानाला वाटले, नियम मागे असणार. प्रमोदनला वाटले, ती पुढच्या भागात लिहीलच. जुना पडदा पुसला गेला, फोनवर नवा आला. मी मागे उरलो.

सोमवारी सकाळी पहिलीच मागणी आली. रुग्ण ओ गटाचा, पिशवी बी गटाची. कोणाचे तरी बोट चुकले होते. चुकीचे रक्त म्हणजे मरण! तरी मला थांबता येईना. मी चिठ्ठी छापली.

काउंटरवरच्या मर्सीकुट्टी सिस्टर पिशवी देण्याआधी चिठ्ठीवर बोट ठेवून मोठ्याने वाचतात. मी ऐकत होतो.

"रुग्ण ओ. पिशवी..." त्या थांबल्या. "अहो प्रमोदन! हे यंत्र माणसं मारायला बसवलंय का?"

प्रमोदन धावत आला. चिठ्ठी पाहून खालीच बसला. "रेमा असती तर..."

"तर आधी मला ओरडल्या असत्या," शहाना म्हणाली. "उठा, एट्टा. नियम कुठे लिहू?"

"आधी मागे लिही. मग पुढेही."

आता मी 'नाही' म्हणू शकतो. तरी रोज पहिली मागणी आली की भीती वाटते. मित्रांनो, आम्हाला जरूर वेगळे करा. पण त्याआधी कोणता भाग कोणाचा जीव राखतो आहे, ते एकमेकांना विचारा. आम्हाला सांगता येत नाही.