तेलाची फडकी

शुक्रवारी संध्याकाळी नेल्डा स्टॅम्परने ओव्हनमधून मक्याचा ब्रेड काढला, तेवढ्यात अंगणात ट्रक थांबल्याचा आवाज आला. नवरा वर्लिन आणि मुलगा कोडी एकाच कारखान्यात, एकाच खात्यात कामाला. रोज एकाच ट्रकमधून येत. आज मात्र दोघे दोन दारांनी घरात शिरले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तुझ्या लेकाला विचार," वर्लिन हात धुताधुता म्हणाला. "खात्यात आज त्याचं लग्न ठरवत होते. नवरी म्हणून!"

कोडी टेबलाशी बसला. घेवड्याचं भांडं त्याने जवळ ओढलं आणि खाली मान घालून वाढून घेतलं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराकडच्या त्या गावात फर्निचरचा कारखाना हाच सगळ्यांचा पोशिंदा. बापलेकाच्या पॉलिशखात्यात टेबलं, खुर्च्या, कपाटं जवसाच्या तेलाने पुसायची, वर रोगण मारायचं. पुसून झालेली तेलकट फडकी एकत्र ढीग करून ठेवली, की ती आतल्या आत तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. म्हणून ती पाणी घातलेल्या पत्र्याच्या पिंपात टाकून झाकण लावायचं असतं. रोगण पातळ करायचं उरलेलं थिनरही वेगळ्या डब्यात साठवायचं, नाहीतर ते गटारातून मागच्या ओढ्यात जातं. खात्यातल्या सगळ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असे. करत मात्र होत्या शेजारच्या पॅकिंगखात्यातल्या बायका. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. पुरुष पुसून झालं की फडकं जिथल्या तिथे टाकत, आणि सुटी झाल्यावर घरी जाताजाता बायका ते उचलत. जेवण झाल्यावर ताटं उचलावीत तसं. नेल्डाने हे कित्येक वर्षं केलं. मग गेल्या वर्षी पॅकिंगखातं दुसऱ्या राज्यात हलवलं, आणि बायका घरी बसल्या. फडकी तिथेच पडू लागली.

त्यानंतर कंपनीने पर्यावरण समिती नेमली. समितीने कचेरीतल्या बायकांपासून खात्यातल्या माणसांपर्यंत सर्वांना प्रश्न विचारले: वय काय, पुरुष की स्त्री, शिक्षण किती, कचरा वेगळा करता का, दिवे बंद करता का. उत्तरांचा रंगीत तक्ता कॅन्टीनच्या भिंतीवर लागला. बायकांचा पट्टा पुरुषांपेक्षा उंच, शिकलेल्यांचा कमी शिकलेल्यांपेक्षा उंच. वयस्क, फारसं न शिकलेल्या पुरुषांचा पट्टा सगळ्यात बुटका. या लोकांना आधी शिकवायला हवं, असं समितीला म्हणायचं होतं.

पण साठी गाठूनही गावात 'ज्युनियर' म्हणूनच ओळखला जाणारा वर्लिनचा दोस्त त्या तक्त्यासमोर उभा राहून ओरडला, "बघा रे! छापूनच आलंय! हे बायकांचं नि कॉलेजवाल्यांचं काम. आपल्याकडून कुणाची अपेक्षाच नाही!"

कॅन्टीन हसून लोटपोट झालं. मॅनेजर ब्लेविन्सही हसला. शिकवणी काही झाली नाही.

कोडी एकटा उचलू लागला. तो दोन वर्षं कॉलेजात काढून परत आलेला, सव्वीस वर्षांचा, खात्यात सर्वांत लहान. सुटीनंतर तो मागे थांबे, फडकी गोळा करी, पिंपात पाणी घाली. पहिल्यांदा नुसत्या शिट्ट्या वाजल्या. मग त्याला "कोडीबाई" म्हणू लागले. आणि त्या शुक्रवारी त्याच्या खुंटीवर कोणीतरी फुलाफुलांचा ॲप्रन अडकवून ठेवला होता. जेवताजेवता कोडीच्या तोंडून ते निघालं.

"कसला ॲप्रन?" नेल्डाने विचारलं. तिची नजर चुलीजवळच्या रिकाम्या खिळ्याकडे गेली. सकाळपासून ती आपला ॲप्रन शोधत होती. "वर्लिन, तू नेलास? माझा?"

"अगं, गंमत होती."

"पोटच्या पोराची?"

"लोक मला विचारतात, 'वर्लिन, पोराचं काय बिनसलंय?' आख्खं आयुष्य त्या खात्यात काढलंय मी. काय सांगू त्यांना?"

"सांग, खातं जळू नये म्हणून धडपडतोय."

"जळतंय कशाला! इतक्या वर्षांत कधी जळलं?"

"आम्ही उचलत होतो म्हणून नाही जळलं!"

वर्लिनने लोण्याची बशी पुढे ओढली. तो मक्याच्या ब्रेडला लोणी लावू लागला.

"ममा, राहू दे," कोडी म्हणाला. "सोमवारपासून नाही उचलणार."

सोमवारी त्याने आपलं फडकं दाराशेजारच्या ढिगावर भिरकावलं. ज्युनियरने टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना वर्लिनने वाटेत ट्रक थांबवला आणि मुलासाठी त्याच्या आवडीचं, सॉसेज घातलेलं बिस्किट, म्हणजे तिकडचा मऊ पाव, घेतलं. त्या आठवड्यात बापलेक तळ्यावर मासे पकडायला जायचे बेत करू लागले. कॅन्टीनमध्ये वर्लिनचा हात मुलाच्या खांद्यावर दिसू लागला. ते संध्याकाळी हसत घरात शिरत, आणि खरं सांगायचं तर नेल्डालाही बरं वाटे. मुलाला बाजूला घेऊन बोलावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण घरातली भांडणं थांबली होती. ती दोघांचे डबे भरत राहिली.

शनिवारी घाईची मागणी होती म्हणून जादा काम निघालं. हवा कोंदट, रोगणाचा वास खात्यात भरून राहिलेला. दुपारी सगळे बाहेरच्या बाकांवर जेवायला गेले. कोडी एका कपाटाचा शेवटचा दरवाजा पुसत होता.

"चल रे, गार होईल," वर्लिन म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे, डॅडी. आलोच."

ढीग दाराशीच होता. पहिल्यांदा कोणाला काही दिसलं नाही, मग दाराच्या फटीतून धूर आला, आणि लगेच रोगणाच्या वाफेचा भडका उडाला. वर्लिन धावला. त्याने लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. त्याचे तळवे तिथेच भाजून निघाले. माणसांनी त्याला मागे ओढलं. मागच्या बाजूची भिंत फोडून कोडीला बाहेर काढलं तेव्हा त्याचा श्वास चालू होता. सोमवारपर्यंत तो इस्पितळात तग धरून होता, मग गेला. आईला त्याने ओळखलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

काही आठवड्यांनी कारखान्याचा एक भाग पुन्हा सुरू झाला. आगीतून बचावलेलं, कोडीच्या खुंटीवरचं जाकीट आणि डबा न्यायला नेल्डा गेली, तेव्हा ब्लेविन्सने सगळ्यांना जमवलं होतं. ती दारातच थांबली.

"यापुढे फडक्यांची जबाबदारी एका माणसावर राहील," ब्लेविन्स म्हणाला. "कोण घेतं?"

जो तो बुटांकडे बघत होता. मग वर्लिन उभा राहिला. दोन्ही हातांना पट्ट्या.

"मी उचलतो," तो म्हणाला.

ज्युनियरने चटकन उठून त्याला कवेत घेतलं. ज्युनियरचे डोळे खरोखरच भरून आले होते. "नाही वर्लिन. या वयात तू फडकी वेचायची? आम्ही मेलोय का?"

"मग तू वेच ना," नेल्डा दारातून म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. ज्युनियर हातातली टोपी फिरवत राहिला.

"नेल्डा, तुमचं दुःख आम्ही समजतो," ब्लेविन्स हळुवारपणे म्हणाला. "वर्लिन, बस तू. बरं नाही दिसत ते. या कामाला एखादी मुलगी घेऊ आपण."

वर्लिनने बायकोकडे पाहिलं. तो उभाच राहील, असं तिला क्षणभर वाटलं. खांद्यावर मित्राचा हात होता. तो हळूहळू खाली बसला.

"कोणीच नसेल तर मी करते," मागून आवाज आला. नुकतीच कचेरीत लागलेली शेल्बी, विशीसुद्धा न गाठलेली. माणसांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

सभा मोडल्यावर नेल्डाने तिला गाठलं. "नको करूस, पोरी. आज हो म्हणालीस तर जन्मभर तुझ्याच गळ्यात राहील."

"मग कोण करणार, मॅम?" शेल्बीने विचारलं. "ते करणार नाहीत. आणि नाही केलं तर पुन्हा..." ती मधेच थांबली.

नेल्डाने खाली पाहिलं. सकाळच्या पाळीची फडकी जमिनीवर पडलेली होती, तेल अजून ओलं होतं. तिने कोडीचं जाकीट खुर्चीवर ठेवलं आणि ती वाकली.

"आधी पिंपात पाणी घालायचं," ती म्हणाली. "मग फडकी."

त्या दोघींना पाहून जेवायला निघालेल्या माणसांनी आदराने टोप्या काढल्या, आणि उरलेली फडकी ओलांडून ते बाहेर गेले.