टाकीखालची निळी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी निळी बर्फाची पेटी आहे. माझ्या झाकणाची एक बिजागरी तुटलेली आहे, उचलायच्या कडीच्या जागी दोरी आहे आणि एका कोपऱ्यावर ट्रकच्या फळीने पाडलेला खोल ओरखडा आहे. मलावीच्या मोठ्या सरोवराकाठी, न्खाटा बे गावातल्या एका घरात, मी लाकडी टेबलाखाली बसलेली असते. टेबलावर काचेची टाकी आहे आणि टाकीत मासे आहेत. घरात येणारा प्रत्येक जण टाकीकडे पाहतो. माझ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही, पण माझी हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझ्या तरुणपणी मी न्यालोंगवे नावाच्या मासेवालीकडे होते. ती पहाटे काठावर मासे घ्यायची, माझ्यात बर्फाचे थर लावायची आणि ट्रकवर मला पायांशी धरून डोंगरावरच्या मुझुझूच्या बाजारात न्यायची. "या पेटीतला बर्फ दुपारपर्यंत हटत नाही," असे ती इतर बायकांना सांगायची. ते ऐकून मी आणखी घट्ट बंद होऊन बसे. नऊ वर्षे आम्ही असा प्रवास केला. मग माझी बिजागरी तुटली, झाकण नीट बसेना आणि न्यालोंगवेने नवी पेटी घेतली. मी तिच्या घरामागे पडून राहिले. माझ्यावर कोंबड्या झोपत आणि माझ्यात कसाव्याच्या कंदांची सालं साठत.

न्यालोंगवेच्या शेजारी लामेक म्फांडे राहत असे. तो पूर्वी पाणबुड्या होता. परदेशी पाठवायचे रंगीत मासे तो सरोवरातल्या खडकांमधून जाळ्याने धरून आणायचा. वर नावेत हवा सोडणारे यंत्र असे आणि त्याची लांब नळी तोंडात धरून तो खाली उतरे. एके दिवशी तो खोल पाण्यात असताना यंत्र बंद पडले. तो घाईने वर आला, आणि खोलातून असे एकदम वर आले की अंगात हवेचे बुडबुडे होऊन नसांना इजा होते. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून तो खिडकीशी खुर्चीत बसून असे. खिडकीतून सरोवर दिसायचे, पण फक्त वरून.

त्याची मुलगी लुसुंगू शाळेत विज्ञान शिकवत असे. गावातले एक लॉज बंद झाले, तेव्हा तिने तिथली मोठी काचेची टाकी आणि बागेतल्या कारंज्याची छोटी मोटर मागून आणली. टाकी तिने वडिलांच्या खुर्चीसमोर मांडली. तिच्या चुलतभावाने, झोंडानीने, लामेकच्या आवडत्या खडकाजवळून दहा मासे आणले. निळे अंग, काळे पट्टे, पाठीवरच्या पंखाला पिवळी किनार. लामेक त्या दिवशी जेवायचेही विसरला.

पण आठवड्याभरात पाणी दुधासारखे गढूळ झाले. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले. तीन मेले.

"यांना परत सोडून ये, पोरी," लामेक म्हणाला. "मी हजारो मासे धरले. डोळ्यांसमोर एकही मरू दिला नव्हता."

"बाबा, मला आठ दिवस द्या. पाणी रोज थोडं बदलते, तेवढ्यावर तग धरतील ते. पाणी गाळायची सोय करते मी."

"आठ दिवसांत आणखी तीन जातील."

लुसुंगूने वहीच्या पानावर एक चित्र काढले. टाकीच्या काठाजवळ लॉजवाल्यांनी बुजवलेले एक भोक होते. तिथून पाणी खाली एका पेटीत उतरेल, पेटीत गाळले जाईल आणि मोटर ते परत वर चढवेल, असा तिचा बेत होता. टाकी होती, मोटर होती. पेटी नव्हती. ती न्यालोंगवेकडे आली.

"अगं, तिनं आयुष्यभर मेलेले मासे वाहिले," न्यालोंगवे हसून म्हणाली. "आता म्हातारपणी तिला जिवंत सांभाळायला लावतेस?"

"मावशी, फुकट नको मला. काय देऊ सांगा."

"तुझ्या बापानं माझ्या नवऱ्याला एकदा बुडत्या नावेतून ओढून काढलं होतं. त्याचं मी काय दिलं? घेऊन जा. आणि त्या कोंबडीला आधी विचार, अंड्यावर बसलीय ती."

मित्रांनो, माझा वास जाता जात नव्हता. लुसुंगूने मला राखेने घासले, लिंबाने घासले, चार दिवस उन्हात उघडी ठेवली. मग माझ्या आत काचेचे उभे पडदे चिकटवायला घेतले. चिकटवायचा डिंक माझ्या प्लॅस्टिकला धरेना. सकाळी लावलेला पडदा संध्याकाळी आडवा होई.

"भिंती कशाला घालतेस?" लामेक खुर्चीतून म्हणाला. तो दोन दिवस तिकडे पाठ करून बसला होता. "बादल्या ठेव. तळाला भोकं पाड आणि एकीवर एक ठेव."

"मग तुम्हीच पाडा ना भोकं. तुमचा हात बसलेला आहे."

लामेकने खुर्ची वळवली. खिळा विस्तवावर तापवून त्याने दोन बादल्यांना भोके पाडली. वरच्या बादलीत जुन्या गादीचा स्पंज आणि कापूस भरला, म्हणजे घाण तिथे अडेल. खालच्या बादलीत भाजक्या विटांचे अक्रोडाएवढे तुकडे धुऊन घातले. ही बादली तळापासून थोडी उचललेली राहावी म्हणून तिच्याखाली दगड ठेवले. माझ्या उरलेल्या रिकाम्या कोपऱ्यात मोटर बसली. वरून नळी आली, मोटरीतून दुसरी नळी वर गेली आणि बटण दाबल्यावर माझ्यातून पहिल्यांदाच पाणी वाहू लागले. इतकी वर्षे पाणी माझ्यात नुसते साचून राही. हे पाणी येत होते आणि जात होते.

दुसऱ्याच दिवशी दुपारी वीज गेली. आमच्याकडे ती जातेच. मोटर थांबली आणि वर चढवणारी नळी उलटी ओढू लागली. तिचे तोंड टाकीत खोल बुडालेले होते. वरचे पाणी भरभर माझ्यात उतरले, मी काठोकाठ भरले आणि वाहू लागले. लुसुंगू शाळेतून आली तेव्हा सगळी खोली ओली होती. टाकीत वीतभर पाण्यात मासे आडवे पडून तडफडत होते आणि लामेक खुर्चीतून खाली जमिनीवर सरपटत आला होता. नळी टाकीबाहेर ओढून त्याने ती छातीशी धरून ठेवली होती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "झोंडानीला सांगते, उद्याच मासे परत नेऊन सोडेल."

"सोडायचे नाहीत."

"तुम्हीच म्हणाला होतात."

"तेव्हा म्हणालो." लामेक ओल्या जमिनीवर तसाच बसून राहिला. "लुसुंगू, माझ्या नावेवर सगळं काही होतं. यंत्र बंद पडलं तर काय, एवढंच कोणी ठरवलं नव्हतं. यंत्र थांबणार असं धरूनच बांधायचं असतं. जरा तो खिळा तापव."

त्याने वर जाणाऱ्या नळीला, टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या बोटभर खाली, एक बारीक भोक पाडले. आता वीज गेली की पाणी बोटभर उतरे, त्या भोकातून नळीत हवा शिरे आणि उलटी ओढ तिथेच तुटे. माझ्यात एरवी अर्ध्याहून जास्त पाणी ठेवायचे नाही, असेही त्याने ठरवले आणि कोळशाने माझ्या आत रेघ मारली. मग बाप-लेकीने मुद्दाम सात वेळा मोटर बंद करून पाहिली. सातही वेळा जमीन कोरडी राहिली. सातव्या वेळी लुसुंगू रडली आणि लामेकने तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

तरीही पाणी लगेच निवळले नाही. विटांच्या तुकड्यांवर डोळ्यांना न दिसणारे जीव हळूहळू वस्ती करतात आणि माशांची घाण पचवतात. त्याला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर लुसुंगू रोज थोडे पाणी बदलत राहिली. एके सकाळी लामेकला टाकीतून पलीकडच्या भिंतीवरची खिळ्याची भोकेही दिसली. तेव्हापासून तो माशांना नावे देऊ लागला. एका भांडखोर नराला त्याने न्यालोंगवेच्या नवऱ्याचे नाव दिले. ती ते ऐकून रोज त्याला दाणे टाकायला येऊ लागली.

मग वादळ आले. विजेचे खांब पडले आणि दोन दिवस वीज आली नाही. वाहते पाणी नसेल तर मासे गुदमरतात आणि माझ्या विटांवरचे जीवही मरतात. लामेकने खुर्ची टेबलाला लावली आणि मगाने माझ्यातले पाणी काढून वरच्या टाकीत ओतायला सुरुवात केली. तेवढेच पाणी भोकातून परत माझ्यात उतरे. तो थकला की लुसुंगू, ती थकली की झोंडानी, मग न्यालोंगवे. ती म्हणाली, "मुझुझूच्या बाजारात इतकं राबले असते तर आज घर दुमजली असतं."

"मग जा मुझुझूला," लामेक म्हणाला.

"गप बस. तो मग इकडे दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी लामेकचा हात मधेच थांबला.

"थांबा," तो हळूच म्हणाला. "मगात पोरं आहेत."

मगात तांदळाएवढे चार जीव होते, प्रत्येकाला दोन काळे डोळे. हे मासे आपली पिल्ले तोंडात सांभाळतात. कुठल्याशा आईने ती सोडली होती आणि ती पाण्याबरोबर भोकातून उतरून, स्पंजच्या कडेने निसटून, माझ्या तळच्या दगडांआड वाढत होती. पुढचा प्रत्येक मग लामेकने उजेडात धरून पाहिला. एकूण अकरा पिल्ले निघाली. मोठा एकही मासा मेला नाही.

पिल्ले बोटाएवढी झाली, तेव्हा झोंडानीने लामेकला उचलून नावेत बसवले. त्याच्या त्या आवडत्या खडकाजवळ पूर्वीसारखे मासे उरले नव्हते, म्हणून लामेकला पिल्ले तिथेच सोडायची होती. मी काही तिथे नव्हते. लुसुंगूने न्यालोंगवेला सांगितले, ते मी ऐकले. लामेकने नावेच्या काठावरून हात पाण्यात घातला, पिल्लांच्या पिशवीचे तोंड उघडले आणि पिल्ले निघून गेल्यावरही बराच वेळ हात पाण्यातच ठेवला. नंतर तो म्हणाला, "चला. घरी सात जण आहेत."

आता दर शनिवारी लामेक हातांवर भार देत खुर्चीतून जमिनीवर उतरतो आणि माझे झाकण काढतो. उतरायला त्याला वेळ लागतो, चढायला त्याहून जास्त. लुसुंगू म्हणते, मी करते. तो म्हणतो, तुला घाई असते. टाकीतलेच पाणी घेऊन तो त्यात स्पंज हलकेच विसळतो. विटा तर तो नळाखाली कधीच धरत नाही, कारण त्यांच्यावरची वस्ती एका धुण्यात नाहीशी होईल.

मित्रांनो, तुमच्या घरी माशांची टाकी असेल, तर तिच्याखालीही काहीतरी काम करत बसलेले असेल. त्याला चकचकीत करू नका, पण विसरूही नका. आठवड्यातून एकदा त्याच्याजवळ जमिनीवर बसा आणि पाण्याचा आवाज नीट येतो आहे ना, तेवढे ऐका.